जमिनीवरचं मी बघते

"कुठं जायाचं ते मागनं बघू. माघारी कसं यायाचं, ते आधी सांग."

आत्या माझ्या ऑफिसात आल्या की चपला दाराबाहेर काढायच्या, पदराने खुर्ची झटकायच्या आणि बसायच्या आधीच हे वाक्य म्हणायच्या. ओतूरच्या एसटी स्टँडजवळ माझं ट्रॅव्हल्सचं लहानसं ऑफिस आहे. लोक येतात ते जायचं ठिकाण डोक्यात घेऊन. तिरुपती, गोवा, काश्मीर. परतीचा विषय काढला की म्हणतात, बघू की राव. आत्यांचं उलटं होतं. परतीचा रस्ता पटला नाही, तर त्या जाण्याचं ठिकाणच बदलायच्या.

त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. त्यांचं माहेर आमच्या आळीतलं, म्हणून सगळी आळी त्यांना आत्या म्हणायची. दिल्या होत्या बोरी बुद्रुकला. घरी कांदा, टोमॅटो, दोन म्हशी, काही गाई. माहेरी भावाकडे आल्या की परत जाताना माझ्याकडे एक फेरी व्हायचीच, कारण गावातल्या बायकांच्या सहली त्याच ठरवायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. स्वतः फारसं कुठे गेलेलं नसतं, पण दुसऱ्यांनी कसं जावं हे त्याला बरोबर कळतं.

एकदा बचत गटाच्या बायकांना घेऊन त्या कोकणात गेल्या. दुपारी ड्रायव्हर म्हणाला, अजून एक किनारा आहे, फार सुंदर आहे, अगदी जवळ. आत्यांनी विचारलं, तिथून माघारी कसं यायचं? तो म्हणाला, घाटातून, अंधार पडेल पण मी आहे ना. आत्या म्हणाल्या, "तू हायेस, पर घाटबी हाय ना." गाडी तिथूनच वळली. बायका पुढे कितीतरी दिवस म्हणत होत्या, वैनींनी आमचा एक समुद्र बुडवला.

आत्यांना जाऊन आता बराच काळ झाला. त्यांच्याविषयी लिहायचं तर त्यांनी आखलेली शेवटची सहल सांगायला हवी. तिचा बेत माझ्यासमोर ठरला आणि तिचं पुढे जे झालं, त्यातलं थोडं मी पाहिलं, बाकीचं सगळ्यांच्या तोंडून ऐकलं.

आधी घरची परिस्थिती सांगतो. आत्यांच्या यजमानांना मी मामा म्हणायचो. त्यांना एक धाकटा भाऊ. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, अंगण एक, विहीर एक. वाटणी झाली तेव्हा सगळं वाटलं गेलं, पण विहीर राहिली सामाईक. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून दोघांत बाचाबाची झाली. मोटार कोणी चालू ठेवली, कोणी बंद केली, एवढंच. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. काही निरोप द्यायचाच झाला तर मामा म्हशीला सांगायचे. "उद्या लाइट नाय म्हणत्यात, आज रातीच पानी भरून घ्या गं बाई," असं ते गोठ्यात मोठ्याने म्हणायचे. भिंतीपलीकडे धाकटे ऐकायचे आणि पाणी भरून घ्यायचे. म्हैस आपली रवंथ करत उभी.

दोघांच्या बायकांचं मात्र नीट होतं. धाकटी जाऊ स्वभावाने भित्री. आत्यांच्या मागेमागे असायची. दोघींचे मुलगे पुण्यात नोकरीला, आणि त्यांचंही एकमेकांशी चांगलं होतं. त्या दोघांनी मिळून ठरवलं की सगळ्यांना जहाजातून फिरवून आणायचं. मुंबईहून निघायचं, कोचीला एक दिवस थांबायचं, मग लक्षद्वीपला काही तास, आणि परत मुंबई. दोन्ही बाप नाही म्हणाले असते, पण नातवंडांना आधी सांगून झालं होतं.

आत्या ऑफिसात आल्या त्या दिवशी मी त्यांना कॉम्प्युटरवर जहाजाचा फोटो दाखवला. गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून त्या माझ्या बाजूला येऊन बसल्या होत्या.

"ही बोट हाय का सोसायटी?"

"बोटच आहे, आत्या. आत हॉटेल आहे, पोहायचा तलाव आहे, नाटकाचं थेटर आहे."

"समुद्रात तलाव?" त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. "बरं. पाण्यावरचं पोरं बघत्याल. मी त्यांना सांगितलंय, जमिनीवरचं मी बघते. आता मला सांग, कोचीला उतरल्याव आमी करायचं काय?"

मी माझं ज्ञान पाजळलं. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळच्या आत सगळ्यांनी परत चढायचं असतं. तेवढ्यात जुना किल्ल्याचा भाग होतो, मासे पकडायची ती मोठाली चिनी जाळी होतात, राजवाडा होतो, मसाल्याचा बाजार होतो, बॅकवॉटरमधून होडीची चक्करही बसवता येते. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या बसही असतात.

"बस नगं. बसमधी कोन कुठं बसंल सांगता येत न्हाई."

"मग दोन लहान गाड्या सांगू का? एकेका घराला एकेक. मोकळं बसता येईल."

"एकच सांग. मोठी."

"आत्या, मामांचा गुडघा दुखतो, दोन गाड्या केल्या तर..."

"एकच." मग त्यांनी विचारलं, "त्या गाडीतली मदली सीट केवढी आसती रं?"

मी हाताने दाखवली.

"दोन मान्सं बसत्यात?"

"आरामात. वर मध्ये एखादी पिशवीसुद्धा राहते."

"पिशवी ऱ्हायला नगं," आत्या म्हणाल्या. "त्याच्यापरीस बारकी सीट बघ."

तेव्हा मला कळलं की आत्यांना कोची बघायचंच नव्हतं. गावात दोघा भावांना एकमेकांना टाळायला सगळं रान मोकळं होतं. जहाजही एवढं मोठं की चार दिवस एकमेकांचं तोंड दिसू नये. पण अनोळखी गावात, एका गाडीत, संध्याकाळपर्यंत परत पोचायचं म्हटल्यावर माणूस कुठे जाणार?

पुढचा तासभर त्यांनी माझ्या यादीतलं एकेक ठिकाण उडवलं. होडीची चक्कर नको, कारण होडीत माणसं लांबलांब बसतात. राजवाडा नको, तिथे आत गेल्यावर जो तो वेगळा फिरतो. चिनी जाळी ठेवली, कारण तिथे समोर उभं राहून बघण्याखेरीज काही करता येत नाही. मसाल्याचा बाजार ठेवला, कारण धाकटीला वेलदोडे घ्यायचे होते. दुपारचं जेवण एकाच लांब टेबलावर. "आन जेवाय जरा उशीर होऊ दे," त्या म्हणाल्या. "भूक लागल्याव मानूस बोलतं."

कोचीतल्या एका ओळखीच्या गाडीवाल्याला मी फोन करून सगळं सांगितलं. बारक्या सीटची गाडी हवी असं सांगणारा मी त्याचा पहिलाच एजंट असणार.

जहाजातल्या पहिल्या दिवसांत आत्यांनी अंदाज केला होता तसंच झालं. मामा एका टोकाला आणि धाकटे दुसऱ्या टोकाला. मामा वरच्या डेकवर उभे राहून समुद्र बघायचे आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "एवढं पानी, आन उपेग शून्य." धाकटे खाली जाऊन तलावाची मोटार कुठे बसवली आहे ते शोधायचे.

कोचीला सगळे उतरले. आत्यांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. दोघे भाऊ मधल्या सीटवर, खांद्याला खांदा. मामांनी समोरच्या आरशाकडे बघायला सुरुवात केली, धाकट्यांनी खिडकीकडे. चिनी जाळ्यांपाशी दोघे शेजारी उभे राहिले. जाळं खाली गेलं, वर आलं, त्यात थोडीशी मासळी चमकली. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ गप्प. जेवायला उशीर झाला, भूक लागली, भात आला, तरी गप्प. धाकटी जाऊ आत्यांना बाई म्हणायची; ती मला नंतर सांगत होती, "बाईंचं तोंड एवढंसं झालं व्हतं. मला म्हनल्या, आपलं काय चुकलं गं?"

मग मसाल्याचा बाजार. बायका वेलदोड्यांच्या दुकानात, मुलं आइस्क्रीम खात. मामा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांच्यासमोरून एक हातगाडी गेली, तिच्यावर कांद्याच्या गोण्या. आता तुम्ही आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला कुठेही नेऊन सोडा, समोरून कांदा गेला की तो वळून बघणार. जन्मभर मंचरच्या आणि ओतूरच्या बाजारात गोण्या उतरवलेला माणूस. मामा हातगाडीच्या मागे चालू लागले. गल्लीत वळले आणि दिसेनासे झाले.

निघायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं की मामा नाहीत. फोन लावला तर तो आत्यांच्याच पिशवीत वाजला. मुलगे शोधायला निघणार तोच धाकटे गाडीतून उतरले. "तुमी पोरांपाशी थांबा," ते म्हणाले. "मी बघतो त्याला."

बराच वेळ दोघांपैकी कोणीच आलं नाही. शेवटी धाकट्यांचा फोन आला. मामा सापडले होते, एका गोदामात, गोण्यांवर बसलेले. आत्यांनी फोन घेतला तर पलीकडून मामांचा आवाज ऐकू येत होता, चढलेला. धाकटेही चढ्या आवाजात त्यांना उत्तर देत होते.

"भांडताय का?" आत्यांनी विचारलं.

"वैनी, ह्यो म्हनतोय ह्यो उन्हाळी कांदा हाय. मी म्हनतो थंडीतला, रांगडा हाय. ह्या गोदामाच्या शेटलाच इचारा!"

आत्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि धाकटीकडे दिला. "ऐक," म्हणाल्या. इतक्या वर्षांनी दोघे भाऊ बोलत होते आणि बोलत होते ते कांद्यावरून भांडत.

पण जहाज कोणासाठी थांबणार नव्हतं. आत्यांनी धाकट्यांना सांगितलं, तिथूनच रिक्षा करून थेट बंदरावर या, आणि गाडी मुलाबाळांसकट पुढे काढली. रस्त्यात गर्दी होती. गाडी कशीबशी वेळेत पोचली. रिक्षा पोचली नाही. सगळे जहाजावर चढले, जिना काढायची वेळ आली, तरी दोघांचा पत्ता नाही. मुलगे म्हणाले, आम्ही उतरतो, त्यांना घेऊन येतो मागून. जहाजावरच्या माणसाने सांगितलं, उतरायचं तर आत्ताच.

धाकटी रडायला लागली होती. सगळे आत्यांच्या तोंडाकडे बघत होते. माघारी कसं यायचं हे विचारल्याशिवाय घराबाहेर न पडणारी ही बाई, आणि तिचाच नवरा परमुलखात मागे राहत होता.

आत्यांनी विचारलं, "दोघं एका जागी हायेत ना?"

"हो, रिक्षातच आहेत दोघं."

"एकटं न्हाईत ना कुनी?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाल्या. "कुनी उतरायचं न्हाई."

जहाज सुटल्यावर किनाऱ्याजवळ थोडा वेळ फोन लागतो. त्या वेळात त्यांचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त बोलणं घाईचं.

"ऐक. मामा आन धाकलं कोचीला ऱ्हायलेत. रेल्वेची तिकिटं काढ दोघांची. शेजारशेजारची काढ."

मी म्हटलं, आत्या, आयत्या वेळी मिळतं ते घ्यावं लागतं.

"मिळतं ते घे, पर शेजारचं घे. आन ह्यांची दाबाची गोळी माझ्या पिशवीत ऱ्हायली. गोळीचं धाकल्याला सांग. ह्यांना सांगून उपेग न्हाई, इसरत्यात." मग त्या म्हणाल्या, "काय व्हनार न्हाई ना रं त्यांना?"

एवढा एकच प्रश्न. मी काही बोलायच्या आत फोन तुटला.

मी धाकट्यांना फोन लावला. दोघे बंदराच्या फाटकाबाहेर चहा पीत होते. मी गोळीचं नाव सांगायला लागलो तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मला म्हाईत हाय त्याची गोळी. मला बी तीच हाय. माझ्यातली दिली मगाशी."

मागून मामांचा आवाज आला, "इचार त्याला, आमाला बोट परत घ्यायला येनार हाय का?"

त्या रात्री ते स्टेशनजवळच्या एका लॉजवर राहिले. दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं वेटिंग होतं, चार्ट लागला तेव्हा आरएसी मिळालं. म्हणजे एका बर्थवर दोघे. दिवसभर समोरासमोर बसायचं आणि झोपायचं तर आळीपाळीने. माझ्या धंद्यात हे गिऱ्हाइकाला सांगताना आम्ही आधी माफी मागतो. आत्यांना लक्षद्वीपजवळ पुन्हा फोन लागला तेव्हा मी तसंच चाचरत सांगितलं.

"एकाच बाकड्याव?" त्यांनी विचारलं.

"हो. एकाने झोपायचं, दुसऱ्याने बसून राहायचं."

"लई ब्येस झालं," आत्या म्हणाल्या.

लक्षद्वीपचा बेतही त्यांनी आखला होता. काचेच्या तळाची होडी, कोणी कुठे बसायचं, सगळं. पण भाऊच नव्हते, तेव्हा आत्यांना करायला काही उरलं नव्हतं. त्यांनी मुलांना सांगितलं, तुम्ही फिरा. आणि दोघी जावा लुगडी थोडी वर खोचून पाण्यात उभ्या राहिल्या. गुडघाभर, स्वच्छ पाण्यात, परतीची होडी लागेपर्यंत. मी नंतर विचारलं, आत्या, काय पाहिलंत तिथे? त्या म्हणाल्या, "पाय बघितलं आमचं. इतकं नितळ पानी. इतकी वर्सं झाली, सोताचं पाय निवांत कधी बघितलं नव्हतं."

दोघे भाऊ कल्याणला उतरून माळशेज घाटाच्या एसटीने आले. ओतूरच्या स्टँडवर उतरले आणि पाणी प्यायला माझ्याकडे शिरले. दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. मामांनी खिशातून एक कांदा काढून माझ्या टेबलावर ठेवला. कोचीहून आणला होता.

"तू सांग. उन्हाळी का रांगडा?"

मी म्हटलं, मामा, मी ट्रॅव्हल्सवाला. धाकटे म्हणाले, "ऱ्हाऊ दे, त्याला काय इचारतो." मामांनी कांदा परत खिशात घातला आणि दोघे बोरीकडे जायच्या गाडीला निघाले. मामांचा गुडघा दुखत होता. चढताना धाकट्यांनी त्यांना मागून हात दिला. मामांनी हात झटकला, मग पुन्हा धरला.

या सगळ्याने दोघे भाऊ एका रात्रीत बदलले असं मी म्हणणार नाही. विहिरीची पाळी पुढेही होती आणि तिच्यावरून कुरबुरीही होत राहिल्या. पण त्यानंतर मामा म्हशीशी फक्त म्हशीच्याच विषयावर बोलायचे.

जहाज मुंबईला लागलं त्या दिवशी मी जीप घेऊन गेलो होतो. मुलगे आपापल्या बायकामुलांसह तिथूनच पुण्याला गेले. आत्या आणि धाकटी माझ्याबरोबर. घाटात धाकटीला झोप लागली, आणि आत्या डोळे मिटून पण जाग्याच बसून होत्या. आळेफाटा मागे पडल्यावर त्यांनी एकदा विचारलं, "तुझ्याकडं आली तवा कशी व्हती दोघं?" मी म्हटलं, बरी होती. "बोलत व्हती?" मी म्हटलं, भांडत होती. त्यांनी मान हलवली.

बोरीत पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. जीप रस्त्यावर उभी करून मी पिशव्या उचलल्या. अंगणात आलो. धाकट्यांच्या घराला बाहेरून कडी होती. आत्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता आणि भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आत्या ओट्याच्या पायरीवर चढल्या आणि दारातच थांबल्या. मला त्यांच्या खांद्यावरून दिसत होतं. धाकटे चुलीपाशी बसून भाकरी करत होते, जाड, वाकडी. मामा पाटावर बसून ताटात पिठलं वाढून घेत होते आणि म्हणत होते, "आई करायची तशी पातळ कर की जरा." धाकटे म्हणत होते, "मग तूच कर."

धाकटी जाऊ लगबगीने आत निघाली. आत्यांनी तिचं मनगट धरलं.

"आवो बाई, चुलीपाशी ते..."

"बस," आत्या हळूच म्हणाल्या. "जेवू दे त्यांना."

त्यांनी मलाही पिशव्या आवाज न करता खाली ठेवायची खूण केली. दोघी जावा पायरीवर बसल्या. प्रवासाने दमल्या होत्या, पायात चपला तशाच, मांडीवर वेलदोड्यांची पुडी. आत भावांचं कशावरून तरी पुन्हा सुरू झालं होतं. आत्या दाराकडे पाठ करून, समोर अंधारत जाणाऱ्या कांद्याच्या शेताकडे बघत, ऐकत बसल्या होत्या.